डी-२८ देऊन ट्रिपल-ओ घ्यावी का? सतरा वर्षांच्या गिटारची अदलाबदल

मध्यसप्तक — १२ जानेवारी

माझ्याकडे मार्टिन कंपनीची डी-२८ ही गिटार २००८ पासून आहे. ती देऊन त्याच कंपनीची, पण लहान अंगाची ट्रिपल-ओ १८ घ्यावी, असा प्रस्ताव माझ्यासमोर आला आहे आणि गेले दोन महिने मला त्यावर निर्णय घेता आलेला नाही. यात विक्री नाही आणि खरेदीही नाही. दोघांनी आपापली आवडती गिटार एकमेकांच्या हाती सोपवायची आहे, आणि बहुधा म्हणूनच हे इतके अवघड झाले आहे. येथे अनेक वर्षे वाजवणारी मंडळी आहेत, त्यामुळे सगळी हकीकत सविस्तर मांडते.

गिटार घेतली तेव्हा आम्ही पेनसिल्व्हेनियात ॲलनटाउनजवळ राहत होतो. १८३३ साली सुरू झालेल्या मार्टिनचा कारखाना तिथून जवळच, नॅझरेथ गावात आहे, आणि तो लोकांना पाहता येतो. गिटारच्या वाकवलेल्या कडांना आतून लाकडी पट्टी चिकटवताना ती सुकेपर्यंत जागेवर राहावी म्हणून तिथे चक्क कपडे वाळत घालायचे चिमटे ओळीने लावलेले असतात. ते दृश्य पाहिले त्याच दिवशी मी मनाशी ठरवले की, घेईन तर इथलीच घेईन. वर्षभर पैसे साठवून डी-२८ घेतली आणि २०११ मध्ये पुण्याला परतताना सोबत आणली.

पुण्यात ती खरी माझी झाली ती वडिलांमुळे. त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांत रोज संध्याकाळी ते अभंग म्हणत आणि मी साथ करत असे. त्यांची पट्टी काळी एक. मानेवरच्या पहिल्या फ्रेटवर (आडव्या धातूच्या पट्टीवर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावून सी स्वरातले नेहमीचे आकार धरले की त्यांचा सूर बरोबर जुळत असे. इतकी वर्षे कॅपो त्याच जागी बसल्याने पहिल्या फ्रेटवर पातळ तारांखाली दोन बारीक खाचा पडल्या आहेत. त्या डोळ्यांना नीट दिसत नाहीत, पण नख फिरवले की लागतात.

गेल्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला. व्यायामाने पुष्कळ फरक पडला आहे, परंतु डी-२८ ची खोली खालच्या बाजूला १२४ मिलिमीटर आणि रुंदी ३९७ मिलिमीटर असल्याने तिच्यावरून हात टाकताना खांदा वर उचलला जातो आणि पंधरा मिनिटांत कळ येऊ लागते. ट्रिपल-ओची खोली १०५ आणि रुंदी ३८१ आहे. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. काखेखाली मात्र तो फार मोठा आहे. शिवाय मी आता पिक सोडून बोटांनीच वाजवते, आणि माझ्या गिटारचा नट, म्हणजे मानेच्या टोकाची तारा टेकणारी पट्टी, ४३ मिलिमीटरचा असल्याने बोटांना तारांमध्ये जागा कमी पडते. समोरच्या गिटारचा नट ४४.५ मिलिमीटरचा आहे.

ती गिटार मडगावच्या एका तरुणाची आहे. परिचितांच्या घरी आमची भेट झाली. तो मांडो, म्हणजे गोव्याची संथ कोंकणी गाणी, गाणाऱ्या मंडळींबरोबर साथ करतो आणि त्याची अडचण नेमकी माझ्या उलट आहे: दोन व्हायोलिने आणि घुमट हे मातीचे तालवाद्य वाजू लागले की त्याच्या ट्रिपल-ओचा आवाज त्यात बुडून जातो. मी काय करावे?

सहा तारा — १२ जानेवारी

ताई, आधी व्यवहाराची बाजू पाहू. अशी अदलाबदल नेहमी एका गैरसमजावर फसते. आपण आपली गिटार जुन्या, मऊ झालेल्या तारांवर ऐकलेली असते, आणि समोरची गिटार मात्र पाहुण्यांसमोर मांडायची म्हणून कालच नव्या तारा लावून आलेली असते. मग जो फरक लाकडाचा वाटतो तो प्रत्यक्षात तारांचा असतो. दोन्ही गिटारींना एकाच कंपनीच्या, एकाच जाडीच्या नव्या तारा, समजा ०.०१२ ते ०.०५३ इंचांचा फॉस्फर ब्रॉन्झ संच, एकाच दिवशी लावा आणि दोन दिवस वाजवून मगच तुलना करा.

हेही लक्षात ठेवा की डी-२८ ची तार नटपासून सॅडलपर्यंत (फळीवरच्या ब्रिजमध्ये बसवलेल्या, तारा टेकणाऱ्या पट्टीपर्यंत) ६४५ मिलिमीटर लांब आहे आणि ट्रिपल-ओची ६३२. त्याच जाडीची तार त्याच सुराला लावली तर आखूड गिटारवर तिचा ताण सुमारे चार टक्क्यांनी कमी असतो. डाव्या हाताला हा फरक पहिल्या मिनिटात जाणवेल.

तपासणी अशी करा. फ्रेटांवर सरळ पट्टी ठेवून ती ब्रिजकडे नेली असता तिचे टोक ब्रिजच्या वरच्या पृष्ठभागाला टेकले पाहिजे. ते खाली ब्रिजच्या अंगावर आपटत असेल तर मानेचा कोन बिघडला आहे, आणि ते काम खर्चाचे असते. ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून पाहा. तो आत शिरला तर ब्रिज सुटू लागला आहे. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजा: जाड तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि पातळ तारेखाली दोनच्या आसपास असेल तर उत्तम. सॅडल ब्रिजच्या वर किती उरली आहे तेही पाहा, कारण ती आधीच घासून संपत आलेली असेल तर पुढे ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, कमी करायला वाव राहत नाही. शेवटी फळीवर बोटाच्या पेराने हलकेच ठोकत जा. आतली एखादी पट्टी सुटली असेल तर त्या जागी खरखर ऐकू येते.

खर्ज — १३ जानेवारी

मी स्पष्ट सांगतो, देऊ नका.

महाविद्यालयात असताना मी कोलकात्याला बनलेली एक साधी गिटार वापरत होतो. फळी प्लायची, ॲक्शन इतकी उंच की बोटांना घट्टे पडत. नोकरी लागल्यावर ती एका मित्राला दिली आणि त्याच्याकडून त्याची भरीव स्प्रूस फळीची जपानी गिटार घेतली. वाजवायला नवी गिटार सर्व बाजूंनी सरस होती आणि आजही आहे. तरीही वसतिगृहाच्या गच्चीवर बसवलेली सगळी गाणी माझ्या मनात त्या पहिल्या गिटारच्या आवाजातच वाजतात, आणि तो आवाज पुन्हा ऐकायला मिळत नाही, कारण मित्राने ती पुढे कोणाला दिली हे त्यालाच आठवत नाही. वीस वर्षे झाली, मी अजून तिची चौकशी करतो.

तुमच्या गिटारवर वडिलांचा सूर आहे. खांद्यासाठी दुसरी लहान गिटार घ्या, थोडी स्वस्त चालेल, आणि ही कपाटात राहू द्या.

रानवाट — १३ जानेवारी

खर्ज यांची भावना मला पूर्ण समजते, पण कपाटात ठेवण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. माझा व्यवसाय वनांशी संबंधित आहे, म्हणून लाकडाविषयी थोडे लिहितो.

२००८ च्या डी-२८ ची पाठ आणि कडा भारतीय रोझवुडच्या, म्हणजे आपल्या शिसवीच्या आहेत. पूर्वी मार्टिन ब्राझीलचे रोझवुड वापरत असे. १९६९ पासून ती भारतीय शिसवीकडे वळली. हे झाड दक्षिण भारतात आणि सह्याद्रीच्या ओलसर जंगलांत वाढते. म्हणजे ताई, तुमच्या गिटारची पाठ इथल्याच मातीत वाढली, समुद्रापार जाऊन तिला आकार मिळाला आणि तुमच्याबरोबर ती घरी परतली. उत्तरेकडील शिसम हे तिचे भावंड असले तरी झाड वेगळे आहे. दुकानदार अनेकदा दोन्ही नावे एकत्र करतात. शिसवी जड आणि घट्ट असल्याने तिचा खर्ज खोल येतो आणि प्रत्येक स्वरामागे इतर स्वरांची दाट सावली राहते. ट्रिपल-ओ १८ ची पाठ महोगनीची असते. ती वजनाला हलकी, आणि तिचा स्वर सुटसुटीत, मोकळा, मागे फारसा पसारा न ठेवणारा असतो. गाण्याच्या साथीला, विशेषतः बोटांनी वाजवताना, हा सुटसुटीतपणा पुष्कळांना अधिक आवडतो.

कायद्याची चिंता करू नका. २०१७ च्या आरंभी शिसवीच्या संपूर्ण कुळावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले होते, परंतु २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यांतून वगळण्यात आले. ब्राझीलच्या रोझवुडवरचे १९९२ चे कडक निर्बंध मात्र कायम आहेत. तुमचा व्यवहार देशातल्या देशात असल्याने यांपैकी काहीच आड येत नाही.

कपाटाविषयी एवढेच म्हणतो की, लाकूड हवेबरोबर फुगते आणि आक्रसते. जी गिटार रोज हातात असते तिच्यातला बदल मालकाला आठवड्यात कळतो. कपाटातल्या गिटारचा कळतो तेव्हा ब्रिज उचलला गेलेला असतो.

अटलांटिकपार — १४ जानेवारी

मी न्यू जर्सीत राहतो. नॅझरेथला तीनदा जाऊन आलो आहे आणि त्या चिमट्यांचे वर्णन वाचून फार आनंद झाला.

इथे वादकांमध्ये गिटारींची अदलाबदल ही नित्याची गोष्ट आहे. त्या संदर्भात अमेरिकन गायक विली नेल्सन यांची हकीकत तुम्हाला उपयोगी पडेल असे वाटते. १९६९ साली टेक्सासमधील एका कार्यक्रमात त्यांच्या बॉल्डविन गिटारवर कोणाचा तरी पाय पडला आणि ती मोडली. त्यांनी ती नॅशव्हिलला गिटार दुरुस्त करणारे शॉट जॅक्सन यांच्याकडे पाठवली. ती दुरुस्त होण्याजोगी नाही, असे सांगून जॅक्सन यांनी मार्टिनची एन-२० ही नायलॉनच्या तारांची गिटार सुचवली. नेल्सन यांनी ती न पाहताच ७५० डॉलरला घेतली, आणि जॅक्सन यांनी मोडक्या बॉल्डविनचा पिकअप, म्हणजे तारांची कंपने टिपून ॲम्प्लिफायरकडे पाठवणारा भाग, काढून या नव्या गिटारला बसवला. हीच पुढे ट्रिगर या नावाने प्रसिद्ध झाली. पिक घासून घासून तिच्या फळीला भोक पडले, तरी नेल्सन तिच्यावरच वाजवत राहिले.

मला या हकीकतीत तो पिकअप महत्त्वाचा वाटतो. जुनी गिटार गेली, पण तिचा एक कान नव्या गिटारमध्ये राहिला.

मध्यसप्तक — १६ जानेवारी

सर्वांचे मनापासून आभार. खर्ज, तुमचा प्रतिसाद वाचून मी रात्री गिटार काढली आणि खांदा ठणकेपर्यंत वाजवली. तुमचे म्हणणे मी बाजूला सारलेले नाही. मात्र एक गोष्ट मान्य करावी लागेल: गेल्या आठ महिन्यांत मी ती एकूण दहा वेळाही वाजवलेली नाही. जिच्यावर रोज संध्याकाळी अभंग होत असत ती आता पेटीत असते आणि मी पेटीवरची धूळ पुसते.

दोन्ही गिटारी एकाच खोलीत आल्याशिवाय निर्णय होणार नाही, हे सहा तारा यांच्या प्रतिसादावरून पटले. परंतु पुणे आणि मडगाव यांच्या मध्ये भेटावे कुठे?

जवारी — १६ जानेवारी

मिरजेला या. पुण्याहून मडगावला जाणारी गोवा एक्सप्रेस मिरजेवरूनच जाते, त्यामुळे दोघांनाही सोयीचे पडेल. माझे घर सतारमेकर गल्लीच्या जवळ आहे, बाहेरची खोली मोठी आहे, आणि आमच्या गावात वाद्य घेऊन येणाऱ्याला कोणी परका समजत नाही.

मी स्वतः तंबोऱ्याच्या कामात आहे, गिटारचा जाणकार नाही, पण वाद्य एका हातातून दुसऱ्या हातात जाताना लहानपणापासून पाहत आलो आहे. एखाद्या गायकाचा तंबोरा त्याच्या पश्चात शिष्याकडे जातो. शिष्याची पट्टी वेगळी असते, म्हणून तारा बदलाव्या लागतात, घोडी घासून जवारी, म्हणजे तारांचा गुंजारव, नव्याने काढावी लागते. आमच्याकडे असा तंबोरा आला की आधी विचारतात, गाणार कोण आणि पट्टी कोणती. जुन्या मालकाची जवारी तशीच राहू द्या, असे सांगणारे लोकही येतात. त्यांचा तंबोरा दिवाणखान्यात शोभतो, पण त्याच्यावर गाता येत नाही.

सासष्टी — १७ जानेवारी

मीच तो मडगावचा. ताईंनी धाग्याचा दुवा पाठवला म्हणून सभासद झालो. माझे शालेय शिक्षण मराठीतून झाले, तरी लिहिण्याची सवय कमी आहे. चूक झाल्यास सांभाळून घ्यावे.

माझी ट्रिपल-ओ मी २०१९ साली जहाजावर नोकरीला असताना अमेरिकेत घेतली. सहा महिन्यांच्या पगारातून वाचवलेले पैसे होते. जहाजाच्या खोलीत दोन खाटांच्या मध्ये बसून वाजवायला मोठी गिटार शक्यच नव्हती आणि रात्री सोबत्याची झोप मोडू नये म्हणून मी बोटांनी, अगदी हळू वाजवायला शिकलो. त्यामुळे ती माझ्यासाठी साधी वस्तू नाही, हे ताईंना सांगावेसे वाटले. मी ती हलक्या मनाने देत नाही.

परंतु आता मी घरी आहे आणि मांडोची साथ हेच माझे वाजवणे आहे. मांडोची चाल संथ असते; तिला खालून सतत आधार लागतो. घुमट खर्जात घुमतो, व्हायोलिने वरच्या अंगाने गाण्याबरोबर जातात आणि मधली सगळी जागा गिटारने भरायची असते. स्पर्धेत मायक्रोफोन असतो, पण घरच्या लग्नसमारंभात नसतो, आणि तिथे ज्येष्ठ मंडळी मला दर वेळी म्हणतात, बाळा, गिटार ऐकू येत नाही. मी जोरात वाजवतो तेव्हा ट्रिपल-ओचा स्वर फाटतो. तिच्यावर तसा जोर करणे मला आवडत नाही.

ताई, तुम्ही नाही म्हणालात तरी मला वाईट वाटणार नाही.

सहा तारा — १८ जानेवारी

भेटीआधी दोन सूचना. नव्या बाजारभावाने डी-२८ ही ट्रिपल-ओ १८ पेक्षा महाग असते. फरकाची रक्कम आधी ठरवा आणि ती घ्या. मोठेपणाने सोडून देऊ नका. सोडलेले पैसे पुढे उपकार बनतात, आणि मग एखादा ओरखडा पडला तर समोरचा सांगायला कचरतो. दुसरे, साउंडहोलमधून आत पाहिले की मानेच्या टोकाच्या ठोकळ्यावर क्रमांक कोरलेला दिसतो. दोन्ही क्रमांक एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.

मध्यसप्तक — ११ फेब्रुवारी

मिरजेहून परत आले. झाले ते क्रमाने लिहिते.

जवारी यांच्या घरी शनिवारी सकाळी आम्ही बसलो. सासष्टी आदल्या रात्रीच येऊन पोहोचले होते. दोन्ही गिटारींना गुरुवारीच एकसारख्या तारा लावल्या होत्या. आधी तपासणी केली. माझ्या गिटारच्या जाड तारेखाली उंची २.६ मिलिमीटर भरली, ट्रिपल-ओची २.३, कागद दोन्हींच्या ब्रिजखाली गेला नाही, सरळ पट्टी दोन्हींवर जिथे टेकायला हवी तिथेच टेकली. ट्रिपल-ओच्या मानेच्या मागे, पाचव्या फ्रेटच्या आसपास, अंगठ्याने घासून चकाकी आलेली एक लांबट जागा होती. ती पाहून मला बरे वाटले.

मग मी ट्रिपल-ओ मांडीवर घेतली. हात आपोआप खाली आला. खांदा कुठेच नव्हता, असे म्हणणेच योग्य होईल. वाजवताना खांदा आहे याची आठवण झाली नाही, ही गोष्ट वर्षभरात प्रथमच घडली. स्वर मला आधी थोडा कोरडा वाटला. शिसवीच्या दाट सावलीची कानाला इतकी सवय झाली होती की तिच्याशिवाय काहीतरी उणे वाटत राहिले. अर्ध्या तासाने मात्र मला प्रत्येक तार वेगळी ऐकू येऊ लागली, आणि अंगठ्याने धरलेला खर्ज वरच्या सुरांना झाकत नाही हे लक्षात आल्यावर मी तासभर खाली ठेवली नाही.

दुपारी सासष्टी यांनी डी-२८ घेतली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी जाऊन बसले. त्यांनी मला विचारले, ताई, तुमचा कॅपो कुठे असायचा? मी सांगितले. त्यांनी तो पहिल्या फ्रेटवर लावला आणि संथपणे, पिकने, सी चा आकार वाजवला.

त्यानंतर जे झाले ते मला नीट लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही. सतरा वर्षे मी ती गिटार वाजवली, पण नेहमी तिच्या मागे बसून. गिटारचा आवाज पुढे जातो. वाजवणाऱ्याच्या वाट्याला त्याची कड येते. समोर, दहा फुटांवर बसून मी ती कधीच ऐकलेली नव्हती. वडील ऐकत असत. ते समोरच्या आरामखुर्चीत बसत, आणि मला जो आवाज माझ्या छातीशी दबलेला वाटे तो त्यांच्यापर्यंत असा भरून, असा मोकळा पोहोचत होता, हे मला मिरजेच्या त्या खोलीत प्रथम कळले. ते मधेच डोळे मिटून थांबत आणि म्हणत, वाजव, वाजव, मी ऐकतोय. मला वाटे की त्यांना दम लागला आहे.

सासष्टी यांनी वाजवणे थांबवले नाही, हे त्यांचे मोठे सौजन्य.

अदलाबदल झाली. फरकाची रक्कम घेतली, क्रमांक लिहिले, सह्या झाल्या, साक्षीला जवारी यांची सही आहे. स्टेशनवर मी त्यांना इतकेच सांगितले की, गोव्याच्या हवेत तिला सांभाळा.

खर्ज — ११ फेब्रुवारी

माझे मत मी मागे घेतो. समोर बसून ऐकण्याची गोष्ट मला कधी सुचली नव्हती. माझ्या मित्राकडे पुन्हा एकदा चौकशी करतो; निदान ज्याच्या हातात ती असेल त्याच्यासमोर दहा मिनिटे बसता यावे.

रानवाट — १२ फेब्रुवारी

सासष्टी, गोव्यातल्या हवेविषयी थोडे सांगतो, कारण डी-२८ इतकी वर्षे पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात आणि बेताच्या पावसाळ्यात राहिलेली आहे. भरीव लाकडाच्या गिटारला हवेतील आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असलेली मानवते. तुमच्याकडे पावसाळ्यात ती ८० च्या वर असते. फळी ओलावा शोषते, रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, ब्रिजच्या मागे तिला पोट येते आणि तारा उंच होतात. पेटीत आर्द्रतामापक ठेवा, ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवा आणि वाजवून झाल्यावर ती भिंतीवर न टांगता पेटीतच ठेवा. बाहेरच्या भिंतीला पेटी टेकवू नका. तारा पुसल्याशिवाय झाकण लावू नका. खारी हवा तारा पंधरा दिवसांत काळ्या करते. आणि ॲक्शन वाढली म्हणून घाईने सॅडल घासू नका, कारण ऑक्टोबरनंतर फळी खाली बसते आणि तेव्हा तारा फ्रेटला लागू लागतात.

सासष्टी — २० जुलै

रानवाट यांनी सांगितल्याप्रमाणे सर्व केले. जूनच्या अखेरीस दोन दिवस वीज नव्हती आणि मी पुड्या बदलायला विसरलो, उंची ३.१ वर गेली होती. मी फार घाबरलो. पेटीत नव्या पुड्या घालून तीन आठवडे बारकाईने लक्ष ठेवले, आज ती २.७ आहे. सॅडलला हात लावलेला नाही.

मे महिन्यात तीन लग्नांत वाजवली. आता ऐकू येत नाही असे कोणी म्हणत नाही. उलट व्हायोलिन वाजवणाऱ्या आजोबांनी मला थोडे हळू घ्यायला सांगितले.

एक विचारायचे आहे. पहिल्या फ्रेटवरच्या खाचा आता वाढल्या आहेत. मी कॅपो फारसा लावत नाही, त्यामुळे पहिल्या फ्रेटवर एफ धरला की पातळ तार झणझणते. पणजीच्या कारागिराने सांगितले की तो एकच फ्रेट बदलावा लागेल. गिटार माझी झाली आहे, तरीही ताईंना विचारल्याशिवाय मला ते करवत नाही.

जवारी — २० जुलै

मी यावर काही बोलत नाही. ताईंनी सांगावे.

मध्यसप्तक — २१ जुलै

अवश्य बदला. झणझणणारी तार घेऊन मांडोची साथ कशी करणार? कारागिराला फक्त सांगा की नवा फ्रेट शेजारच्या फ्रेटांच्या उंचीला नीट जुळवून बसवावा.

मध्यसप्तक — २४ ऑगस्ट

आज पोस्टाने एक जाड पाकीट आले. आत पुठ्ठ्यावर चिकटपट्टीने लावलेला धातूचा एक बारीक, किंचित वाकलेला तुकडा होता, करंगळीएवढाही नसेल. सोबतच्या चिठ्ठीत सासष्टी यांनी लिहिले आहे की नवा फ्रेट उत्तम बसला असून एफ स्वच्छ वाजतो, आणि हा जुना त्यांच्याकडे असण्यापेक्षा माझ्याकडे असावा.

मी त्यावरून नख फिरवले. दोन्ही खाचा लागल्या. ट्रिपल-ओच्या पेटीत कॅपो ठेवण्याचा जो छोटा कप्पा आहे त्यात तो ठेवला आहे. खांदा बरा आहे. सध्या रोज संध्याकाळी पाऊण तास वाजवते.

सहा तारा, तुम्हाला एक विचारायचे आहे: ६३२ मिलिमीटरच्या गिटारवर जाड तार अर्धा सूर उतरवली तर सैल पडते. ०.०५३ ऐवजी ०.०५६ ची एकच तार बदलून चालेल का, की संपूर्ण संच बदलावा?

सहा तारा — २४ ऑगस्ट

एकच तार बदला. नटमधली खाच तिला पुरते का ते आधी पाहा. तार खाचेत अडकत असेल तर सूर लावताना टक् असा आवाज येतो. तसे झाले तर कारागिराकडून खाच किंचित रुंद करून घ्या, स्वतः घासू नका.